निळी साय

वांगणीला आण्णांच्या शेतावर, गोठ्याच्या मागे, एक काळा ड्रम होता. त्यात जीवामृत मुरत असायचं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून आंबवायची आणि मग ते पाणी पिकाला द्यायचं, एवढीच कृती. पण आण्णा त्या ड्रमला देवघरासारखं जपत. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटं का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "उलटं फिरवलं तर त्याला घेरी येते."

त्या रविवारी नेत्रा बदलापूरहून स्कूटी घेऊन मामाकडे आली, तेव्हा आण्णा ड्रमपाशीच उभे होते. घरात पाळणा हलल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा चेहरा करून.

"या शास्त्रीणबाई! तुझीच वाट बगत होतो. डोळे मीट. हां, आता उघड."

त्यांनी ड्रमवरचं गोणपाट बाजूला केलं. नेत्राने वाकून पाहिलं. तपकिरी पाण्यावर निळी साय धरली होती. बुरशीचा हिरवट निळा नव्हे, शेवाळाचा तर नव्हेच. गडद, कोरडा, नव्या कोऱ्या जीन्सचा निळा. ड्रमच्या आतल्या कडेला, जिथे पाणी हवेला लागत होतं, तिथे त्याचं कडं सुकून बसलं होतं. आण्णांनी काठी बुडवून वर काढली. खालचं पाणी नेहमीसारखंच होतं. निळं होतं ते फक्त वर.

"साक्षात नीळकंठ अवतरलाय," आण्णा म्हणाले.

"येईल त्याला दाखवतायत," बनूमामी गोठ्यातून ओरडली. "काल मीटरवाल्यालाबी दाखवला. त्याला बिचाऱ्याला घाई होती, तर हाताला धरून आणला."

नेत्रा हसली नाही. "यातलं कुणाला दिलंत का?"

"चांगुणा तांब्याभर घेऊन गेली. संतोषनं बादलीच नेली. मी कशाला नाय म्हणू?"

त्या भागात हे चालतच होतं. एखाद्याचा ड्रम चांगला उतरला की शेजारी विरजण मागायला यावं तसे भांडं घेऊन येत. आपल्या ड्रममध्ये तेवढं ओतलं की आपलाही चांगला उतरतो, असा सगळ्यांचा विश्वास, आणि जिवाणूंच्या हिशेबाने तो बरोबरही होता.

"आणि शेतात सोडलंत?"

"अजून नाय. येत्या रविवारी वालाला अन् दुधीला सोडायचं. मंग बग दुधी कसा होतोय. तुझ्या उंचीचा!"

हा निळा रंग तिच्या ओळखीचा होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत, दोन बंद दारांच्या आड, ती रोज सकाळी त्याला भेटत होती.

नेत्राची कंपनी लहानशीच. मालक श्यामकांत सर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रंगांच्या कारखान्यात अधिकारी म्हणून काढली होती. जीन्सचा निळा रंग खनिज तेलातल्या रसायनांपासून बनतो आणि बनताना विषारी पदार्थांच्या हातून जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मातीतला एक जिवाणू घेतला, त्याच्या जनुकांमध्ये फेरफार केला आणि साखर खाऊन तोच रंग बनवायला त्याला लावलं. जिवाणूचं खरं नाव लांबलचक होतं. ऑफिसात सगळे त्याला निळू म्हणत. निळू आज रुसलाय, निळूला हवा कमी पडतेय, निळूने काल टाकी भरून रंग दिला.

निळूच्या बाबतीत नियम एकच होता. तो जिवंत बाहेर जायचा नाही. कोट, काचेची भांडी, सांडपाणी, सगळं दाबाखालच्या वाफेत शिजवूनच दाराबाहेर पडायचं. कंपनीला परवानगी होती ती चार भिंतींच्या आतली. एक जिवंत निळू बाहेर सापडला, तर कंपनीचं दार बंद होणार होतंच. पण तो ज्या जमिनीत सापडेल त्या जमिनीचं काय? पीक जाळतील, माती उकरून नेतील, की कुंपण घालून ठेवतील? कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालं नव्हतं. आणि आण्णांकडे तेवढीच जमीन होती.

शेणात इंडोल नावाचा पदार्थ असतो. शेणाच्या वासातला एक धागा त्याचा. निळू साखरेचंही आधी इंडोलच करतो आणि त्यापासून रंग बनवतो, आणि त्याला हवा लागते. तेव्हा शेणाच्या ड्रममध्ये निळू पडला, तर वर निळी साय येणार यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते एवढंच, की तो अंबरनाथहून वांगणीला आला कसा.

"मामा, हे शेतात सोडू नका," ती म्हणाली.

"का गं?"

"सध्या नका सोडू. आणि आता कुणाला देऊही नका."

"पन का?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

आण्णांनी काठी ड्रमला टेकवून ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं. "सांगता येनार नाय," ते तिच्याच सुरात म्हणाले. "तुमचे कंपनीवाले पोपटीला आले होते, तेव्हा तो चष्मेवाला माज्या ड्रमभोवती घुटमळत होता. फोटो काढत होता. आता ड्रमला गुण आला, तर तू म्हनतेस वापरू नका. कारन सांगता येनार नाय."

"मामा, तसं काही नाही हो."

"मी कुठं म्हनलं कसं हाय ते?"

निघताना तिने आण्णांचं लक्ष नाही असं पाहून वरची साय एका बाटलीत भरून घेतली. आण्णांनी ते पाहिलं. त्यांनी गोणपाट ड्रमवर ओढून घेतलं.

चष्मेवाला म्हणजे शौनक. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी पोचेपर्यंत नेत्राच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

थंडीत तिनेच ऑफिसच्या लोकांना शेतावर पोपटीला बोलावलं होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरून मडकं उलटं ठेवलं आणि भोवती जाळ केला. सगळे जाळाभोवती बसले होते, तेव्हा शौनक एकटा उठून ड्रमपाशी गेला होता. त्याने काठी हातात घेऊन ढवळलंही होतं, आणि नेमकं उलटं. "ओ साहेब, उलटं नको, घेरी येईल त्याला!" आण्णा ओरडले होते आणि सगळे पोट धरून हसले होते. आता ती आठवण तिला वेगळीच दिसायला लागली.

कारण कंपनीत वाफेचं यंत्र शौनककडे होतं. निळूला मारून बाहेर काढायचं काम त्याचं. आणि सरांशी वाद घालणाराही तोच. "सर, बाटलीत ठेवून काय कळणार? उद्या सांडपाण्यावर, खराब जमिनीवर असे जिवाणू वापरायचे तर ते मातीत जगतात का ते मातीतच बघायला लागेल ना?" असं तो मीटिंगमध्ये म्हणाला होता. सरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. ज्याला मातीत बघायचं आहे आणि ज्याच्या हातात कुलूप आहे, तो माणूस दुसऱ्याच्या शेतावर जाऊन ड्रम ढवळतो. यापुढे विचार करायचं कारणच काय?

सोमवारी तिने बाटलीतली साय छोट्या ट्यूबमध्ये घेतली आणि सवयीप्रमाणे बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: वांगणी, ड्रम, वरचा थर. खाली तारीख. चोरून आणलेल्या नमुन्यावर कुणी असं लिहीत नाही. पण बिननावाची ट्यूब तिच्या हाताला सहनच झाली नसती.

मग तिने तो नमुना बशीतल्या खाद्यावर पसरला. त्या खाद्यात इंडोल होतं आणि एक प्रतिजैविकही होतं. निळूला त्या औषधाने काही होत नाही, ती त्याची ओळख. मंगळवारी बशीत वाढ होती. गोल, चकचकीत ठिपके, मध्ये निळे. औषधाला त्यांनी भीक घातली नव्हती.

शेणामातीतले कितीतरी जिवाणू आपापल्या बळावर त्या औषधाला पुरून उरतात. नेत्राने परीक्षेत त्यावर पानभर लिहिलं होतं. त्या मंगळवारी तिला ते आठवलं नाही. तिला बशीत शौनक दिसत होता.

मग ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. तो फोन टेबलावर पालथा ठेवायचा. आधी ठेवायचा का? ती बाहेरून आली की तो स्क्रीनवरची खिडकी बंद करायचा. यंत्रातून निघालेल्या पिशव्यांवर एक पट्टी असते, वाफ नीट लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. नेत्राने कुणी नसताना सगळ्या पिशव्या पाहिल्या. रेघा काळ्या होत्या. तिला वाटलं, पट्टी नंतर लावता येते की.

जेवताना डबा उघडता उघडता तो सहज म्हणाला, "मामांचा ड्रम काय म्हणतो?"

नेत्राने पोळीचा तुकडा मोडला. "काय म्हणणार? ड्रमच आहे."

"नाही, असंच विचारलं. परत कधी जाणार आहेस?"

"का?"

"अरे, का काय? पोपटी भारी होती यार."

पोपटीचा मोसम सरत आला होता, हे त्यालाही कळत होतं.

बुधवारी सकाळी ती त्याच्या आधी आली. जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटात, मागच्या फळीवर, जुन्या खोक्याच्या आड, तिला चांदीच्या कागदात गुंडाळलेली बशी दिसली. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने कागद उलगडला. आत निळे ठिपके होते, अगदी तिच्याच बशीतल्यासारखे.

शौनक आला तशी ती म्हणाली, "चल, चहा प्यायला."

"आत्ता? मी बॅगपण ठेवली नाहीये."

"बॅग घेऊन चल."

एमआयडीसीच्या पाइपलाइनजवळ चहाची टपरी होती. तिथे पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग चहा हातात यायच्या आधीच तिने विचारलं, "फळीच्या मागे कुणाची बशी आहे?"

शौनकचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "तू माझ्या मागे बघत होतीस?"

"कुणाची आहे?"

"आणि तुझी कुणाची आहे? खालच्या फळीवर डावीकडे? मला दिसत नाही असं वाटलं तुला?"

"शौनक, तू निळूला बाहेर नेलंस. माझ्या मामाच्या ड्रममध्ये टाकलंस. प्रयोग करायला तुला दुसऱ्या कुणाची जमीन नाही मिळाली?"

शौनक तिच्याकडे बघतच राहिला. टपरीवाल्याने दोन ग्लास पुढे केले तेही त्याला दिसले नाहीत.

"मी?" तो म्हणाला. "अगं, मला वाटलं तू!"

"काय?"

"पोपटीच्या दिवशी मी ड्रमकडे का गेलो? काठीवर निळी रेघ होती. पुसट. मी म्हटलं, ये क्या सीन है? तुझ्या मामांचा ड्रम, तुझं घर, तू निळूबरोबर दिवसभर असतेस. मला वाटलं मामांना चांगलं खत मिळावं म्हणून तू काहीतरी शहाणपणा केलायस. मी रुमालाला थोडं पुसून आणलं. त्याची बशी आहे ती. महिना झाला, मी तुझ्यावर नजर ठेवून आहे."

"महिनाभर? मग सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं आणि ते काम खरंच तुझं निघालं असतं तर? तुझी नोकरी गेली असती, आणि मामांचं शेत गेलं असतं ते वेगळंच." त्याने ग्लास उचलला. "आणि तू का नाही सांगितलंस?"

नेत्राने दुसरा ग्लास घेतला. मग तिच्या लक्षात आलं: काठीवर निळी रेघ त्याने ड्रम ढवळायच्या आधीच होती, असं तो म्हणत होता. हे खरं असेल तर त्याने काही टाकलेलं नव्हतं. आणि खोटं असेल तर? तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तोही तिच्याकडे तसाच पाहत होता.

"असं एकमेकांकडे बघून काही होणार नाही," शौनक शेवटी म्हणाला. "जनुक वाचून घेऊ. दोघांचे नमुने, एकत्र. तू माझ्यासमोर भर, मी तुझ्यासमोर भरतो."

तसंच केलं. निळूच्या रंग बनवणाऱ्या जनुकात कंपनीने काही अक्षरं मुद्दाम बदलली होती. वीटभट्टीवाले विटेवर आपला ठसा उठवतात, तसा तो निळूचा ठसा. ड्रममधल्या जिवाणूत तो ठसा असेल, तर तो निळूच. जनुक वाचून देणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळेत कंपनीचे नमुने दर आठवड्याला जात. त्याच खोक्यात दोघांनी या दोन ट्यूब ठेवल्या.

शनिवारी अहवाल आला. दोघं एका स्क्रीनवर डोकं घालून बसले. नेत्राने ओळी एकाखाली एक लावल्या आणि बोटाने वाचत गेली. पहिली ठशाची जागा आली. दोन्ही नमुन्यांत ठसा नव्हता. दुसरी. नव्हता. तिसरीतही नव्हता.

"हा निळू नाहीये," ती म्हणाली.

"निळूचा मुलगाही नाही," शौनक म्हणाला. "बघ ना, याचे स्वतःचेच वेगळे बदल आहेत. हा चुलता आहे. रानातला. कुणी शिकवलेलं नाही याला."

नेत्राने खुर्चीला पाठ टेकली. आठवडाभरात पहिल्यांदा. मग ती पुन्हा सरळ झाली. "पण मग हा आला कुठून? हे जनुक कुठल्याही मातीत नसतं. डांबरासारखी, रंगांच्या कारखान्यातली रसायनं खायला लागतात तिथे जिवाणूंकडे ते असतं. निळूचं मूळ जनुक सरांना कुठे मिळालं होतं?"

ती गोष्ट सर प्रत्येक पाहुण्याला सांगत, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. उल्हासनगरला जीन्स धुणारा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या मागच्या, वर्षानुवर्षं रंगाचं पाणी प्यायलेल्या मातीत.

"वांगणीला कुठे आलाय जीन्सचा कारखाना?" शौनक म्हणाला.

नेत्राने मामीला फोन लावला.

"मामी, ड्रममध्ये जी मूठभर माती टाकता, ती कुठली?"

"कुठली म्हंजे? बांधावरची घालतात."

"आपल्या बांधावरची?"

"आपल्या बांधाला आता माती कुठं राह्यली? पलीकडं बिल्डरनं विटा-सिमेंटचं राबीट टाकलंय समदं. तुजे मामा म्हनले, युरियाची चिमूटबी पडली नाय अशी माती पायजे. म्हंजे जिवानू जित्ते ऱ्हातात. मंग मी माज्या माहेराहून आनली. पालेगावची. गोनीभर आनून ठेवलीय, दर खेपेला त्यातलीच मूठ घालतो."

"तिथे युरिया पडला नाही हे नक्की?"

"आता गं! त्या रानात कित्येक वर्सं कुनी नांगरबी घातला नाय. युरिया कोन टाकंल?"

"नांगर का नाही घातला?"

"तिथं काय पिकतच नव्हतं ना. टँकर यायचे ना उल्हासनगरवरनं, लपूनछपून. निळं पानी सोडून जायचे. दादा किती भांडला त्यांच्याशी. आता तिथंबी बिल्डिंग होनार हाय, म्हनून म्हटलं होती तेवढी चांगली माती घेऊन येऊ."

नेत्राने फोन ठेवला आणि शौनकला सांगितलं. त्याला हसू आलं, मग ते अर्ध्यातच थांबलं. खत न पडलेली माती शोधता शोधता मामी नेमकी तीच माती घेऊन आली होती, जिच्यात खत टाकायचीही कुणाची हिंमत झाली नव्हती.

"एक सांगू?" शौनक हळू आवाजात म्हणाला. "हा चुलता कसलीही मदत न घेता, शेणाच्या पाण्यात, निळूपेक्षा गडद रंग देतोय. सरांना कळलं तर..."

तेवढ्यात दार उघडलं. श्यामकांत सर आत आले. दोघांनी स्क्रीन झाकली नाही, पण झाकावीशी वाटली.

"चाललं आहे ना सगळं?" सरांनी हसून विचारलं. "नेत्रा, उद्या रविवार. मामांकडे का?"

सरांनी तिच्या मामांबद्दल यापूर्वी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी ती सकाळीच निघाली. तरी बांधापाशी सरांची पांढरी गाडी आधीच उभी होती.

सर गोठ्यामागे खुर्चीवर बसले होते. हातात चहाचा कप, मांडीवर निर्जंतुक बाटली. आण्णा ड्रमपाशी उभे होते, काठी हातात घेऊन. शेजारी पाणी सोडायच्या बादल्या मांडून ठेवलेल्या. मामी दारात होती.

"ये," आण्णा म्हणाले. "तुजे साहेब आलेत. तू धाडलंस म्हने."

"तसं नाही म्हणालो मी," सर पटकन म्हणाले. "नेत्रामुळे कळलं, एवढंच म्हणालो."

नेत्राच्या डोळ्यांपुढे क्षणभर शौनक उभा राहिला. कालचा त्याचा हळू आवाज. सरांना कळलं तर. कुणी कळवलं असेल?

सरांना तिचा चेहरा वाचता आला असावा. "अहवाल माझ्याही मेलवर येतो, विसरलीस?" ते म्हणाले. "वांगणी, ड्रम, वरचा थर. इतकं स्वच्छ लिहिलेलं लेबल मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वांगणीला तुझे मामा असतात हे पोपटीच्या फोटोंवरून कळलं होतं. बाकी शोधायला काय लागतं? इथे निळ्या ड्रमचा आण्णा म्हटलं की मीटरवालासुद्धा रस्ता सांगतो."

मामीने आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी दुसरीकडे.

"मला फार काही नको, आण्णा," सर म्हणाले. "एवढीशी बाटली भरून. अभ्यासाला. तुमचं काही कमी होणार नाही."

"एवढीशी," आण्णा म्हणाले. "गेल्या रविवारी हिनं एवढीशी नेली, माजी पाठ वळल्यावर. आता तुम्ही मोठी घेऊन आलाव. तवा ही म्हनली वापरू नका, आन् आज तिचा साहेब म्हनतो मला द्या. मला समजत नाय असं वाटतं का तुमाला?"

"गैरसमज होतोय तुमचा."

"मंग तो काढा ना कुनीतरी." आण्णा नेत्राकडे वळले. त्यांचा आवाज बारीक झाला. "पोरी, तू सांग. देऊ का यांना?"

सर कपावरून तिच्याकडे पाहत होते, शांतपणे, उत्तर ठरलेलं असल्यासारखे. सोमवारी सकाळी कंपनीच्या दारातून आत जायचं, की जायचंच नाही, ते या एका उत्तरावर होतं, आणि हे तिला कळलंय हे सरांनाही कळत होतं.

"नको," ती म्हणाली. "देऊ नका."

सरांनी कप खाली ठेवला.

"आणि शेतातही सोडू नका."

"झालं!" आण्णांनी काठी आपटली. "परत तेच! साहेबालाबी नको, मलाबी नको. मंग पायजे कुनाला?"

"या वेळी कारण सांगते. मला वाटलं होतं, आमच्या कंपनीतला जिवाणू तुमच्या ड्रममध्ये आलाय. तसं असतं तर तुमच्या जमिनीवर टाच आली असती. म्हणून तोंड बंद ठेवलं, चोरून नमुना नेला. ते खोटं ठरलं. हा जिवाणू तुमचाच आहे. मामीच्या पालेगावच्या मातीतला. पण मामी, त्या रानात युरिया पडला नाही, कारण त्याहून वाईट पडत होतं. टँकरचं पाणी. हा जिवाणू तेच खाऊन मोठा झालाय."

मामीचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. मी तर गोनीभर..."

"मंग यात इख हाय का?" आण्णांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

आण्णांनी मांडून ठेवलेल्या बादल्यांकडे पाहिलं.

"मूठभर मातीने ड्रमभर पाण्यात फारसं काही उतरलं नसेलही," नेत्रा म्हणाली. "पण त्या मातीत रंगाशिवाय आणखी काय काय होतं, ते तपासलेलं नाही. गोणी तपासून घेऊ. तोवर मी सोडा असंही म्हणणार नाही आणि ओतून टाका असंही नाही. मला खरंच माहीत नाही, मामा."

"नेत्रा," सर म्हणाले. आवाज अजूनही मऊ होता. "कंपनीच्या आतल्या गोष्टी अशा बाहेर बोलायच्या नसतात. तू सही केली आहेस."

आण्णांनी हात वर केला. सर थांबले.

"गेल्या रविवारी हिला समदं माहीत होतं आन् सांगत काय नव्हती," आण्णा म्हणाले. "आज म्हनते माहीत नाय, आन् समदं सांगते."

त्यांनी ड्रमवर फळी टाकली, फळीवर गोणपाट टाकलं आणि स्वतः त्यावर चढून बसले. पाय खाली लोंबत होते. काठी त्यांनी मांडीवर आडवी धरली.

"अगं, चहा टाक अजून," ते मामीला म्हणाले. "साहेब, बसा तुम्ही. जाऊ नका. नेत्रे, पलीकडं जा आन् चांगुणेला अन् संतोषला हाक मार. आपापल्या बादल्या, तांबे घेऊन या म्हनावं. कुनी शेतात सोडलं असंल तर तेबी इचार. मंग तू पयल्यापासनं सांग. यांच्यासमोर."

सरांनी मांडीवरच्या बाटलीचं झाकण कधी तरी काढून ठेवलं होतं. ते त्यांनी शोधून पुन्हा लावलं. नेत्रा बांध ओलांडून चांगुणाच्या शेताकडे निघाली. वाटेत फोन वाजला. शौनकचा होता. तिने तो घेतला आणि चालता चालताच म्हणाली, "ऐक, वांगणीला ये. तुझी बशीपण घेऊन ये. सगळ्यांना दाखवायची आहे."